सीझन थांबला, वर्गणी अडकली: बेळगावातल्या एका फुटबॉल गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या एका चहाच्या टपरीवर हा गट जमतो. २२ जण. दोघे खानापूर तालुक्यातले शेतकरी, एक निपाणीचा, चौघे उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला, एक निवृत्त शाळामास्तर, बाकी दुकानदार आणि कॉलेजची पोरं. मास्तर सोडले तर एकमेकांना सगळे अरे-तुरेच करतात. मास्तरांना मात्र सगळे ‘सर’ म्हणतात, त्यांच्या वर्गात न बसलेलेसुद्धा. गटाला नाव आहे, पण इथे देत नाही. नोंदणी वगैरे काही नाही. एक वही आहे आणि ती माझ्याकडे असते, म्हणून हे प्रकरण लिहायची पाळी माझ्यावर आली.

बेळगावातून बेंगळुरू पाचशे किलोमीटर आणि मडगावचं फातोर्डा स्टेडियम दीडशेच्या आत-बाहेर. त्यामुळे राज्य कर्नाटक असलं तरी सामना बघायला आम्ही घाट उतरतो. गटात १६ जण एफसी गोवाचे आणि ६ जण बेंगळुरू एफसीचे. त्या सहांपैकी तिघे सुनील छेत्रीमुळे, उरलेले तिघे बहुधा आम्हाला चिडवायला. मार्च २०१९ ची इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल या दोन संघांत झाली. ती आम्ही एकाच खोलीत बसून बघितली. मुंबईच्या राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला डोक्याने गोल मारला, बेंगळुरू १-० ने जिंकलं आणि खोलीतली सोळा माणसं एकदम गप्प झाली. गट खरा त्या रात्री तयार झाला, असं सर म्हणतात. एकत्र हरल्याशिवाय गट होत नाही, हे त्यांचं मत. मला ते पूर्ण पटत नाही, पण असो.

एफसी गोवाचं चिन्ह गवा. आमच्या खानापूरच्या दोघांपैकी एकाच्या भातात दरवर्षी खरेखुरे गवे घुसतात. “घरी हाकलतोय, आणि तिथं पैसे देऊन ओरडतोय,” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पैशाची पद्धत साधी होती. मार्चपासून दरमहा ६०० रुपये, पाच महिने. जुलैअखेर माणशी ३,००० आणि एकूण ६६,०००. सीझन सुरू झाला की त्यातून तीन-चार सामन्यांची तिकिटं आणि १७ सीटची गाडी. गाडीवाला ओळखीचा, केए २२ पासिंगची गाडी. २०२५ च्या जूनमध्ये त्याला १०,००० आगाऊ दिले होते. पावती घेतली नव्हती. दरवर्षी घेत नाही.

अडचण

११ जुलै २०२५ ला बातमी आली की आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम थांबवून ठेवला आहे. लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना तसं कळवलं होतं.

कारण पोरांना समजावून सांगायला मला दोन चहा लागले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा करार केला होता, ७०० कोटींचा; पुढे लीग त्यांच्याच फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड या कंपनीने चालवली. कंपनीने महासंघाला वर्षाला ५० कोटींच्या आसपास द्यायचे आणि लीग चालवायची. हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपत होता. सीझन सप्टेंबरात सुरू झाला असता तर तिसऱ्या महिन्यातच कंपनीच्या हातात हक्क राहिला नसता. नवीन करार करावा, तर महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता आणि त्याचा निकाल लागेपर्यंत महासंघाला हात बांधून बसणं भाग होतं. म्हणजे खेळाडू होते, मैदानं होती, प्रायोजकही मिळाले असते. सही करायचा अधिकार कोणाला, हेच ठरलेलं नव्हतं.

“आमच्या सोसायटीचं असंच झालंय,” निपाणीकर म्हणाला. “चेअरमन कोण ते कोर्टात, आणि ऊसबिल अडकून.” त्यानंतर कोणाला वेगळं समजावायला लागलं नाही.

आमची अडचण याच्यापेक्षा लहान होती आणि जास्त जवळची. ६६,००० रुपये ‘सीझन’साठी जमा केले होते आणि सीझनच नव्हता. मग हे पैसे आता कशासाठी? हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. पुढचं सगळं त्या न विचारलेल्या प्रश्नातून आलं, असं आज वही उघडली की वाटतं.

कोणते पर्याय होते

१३ जुलैच्या रविवारी टपरीवर बसलो. पाऊस असा की पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तरी चार गोष्टी समोर आल्या.

सर म्हणाले, सगळ्यांचे पैसे परत करा. सीझन जाहीर झाला की पुन्हा गोळा करू. सोपं होतं, पण गाडीवाल्याचे १०,००० त्यात अडकले होते. तो म्हणाला होता, पैसे परत नाहीत, गाडी केव्हाही घ्या. वाईट माणूस नव्हे. त्याने ते पैसे टायरला घातले होते.

दुसरं म्हणजे गणपतीपर्यंत थांबायचं. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती, तोवर कोर्टाचं काही कळेल.

निपाणीकराचं म्हणणं, कोल्हापूरला जाऊ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना बघितला की आयएसएलची आठवणसुद्धा येणार नाही. त्याच्यासाठी ते खरं असेल. बाकीच्यांनी हसून सोडून दिलं. आज वाटतं, त्याचं ऐकायला हवं होतं. पेठांचा फुटबॉल दिल्लीतल्या कुठल्या करारावर अडत नाही.

चौथी सूचना एका कॉलेजच्या पोराची, जरा लाजत केलेली. अर्धे पैसे गल्लीतल्या पोरांच्या बूट-बॉलला द्या. त्यावर चर्चाच झाली नाही, कारण तेवढ्यात वडा आला.

थांबायचं ठरलं. मी वहीत लिहिलं: ‘गणपतीपर्यंत थांबणे. सर्वानुमते.’ सर्वानुमते हा शब्द माझा. मत कोणी मागितलं नव्हतं.

पहिली चूक, आणि ती माझी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. आमच्यातले सहा निळे एका संध्याकाळी सुतकात बसल्यासारखे बसले होते. त्याच आठवड्यात उद्यमबागेतला सगळ्यात लहान पोरगा, फौंड्रीत मोल्डिंगला असणारा, टपरीच्या मागच्या बाजूला मला गाठून म्हणाला, “दादा, माझे तीन हजार मिळतील काय? बहिणीची फी आहे.”

त्याच्या हाताच्या नखांत काळी वाळू होती, ती नेहमी असते. पाचशेच्या काही नोटा त्या वेळी माझ्या खिशात होत्या, स्वतःच्या. मी म्हणालो, “गणपतीपर्यंत थांब की, सगळ्यांनी मिळून ठरवलंय.” तो “बरं” म्हणाला आणि आत जाऊन इतरांबरोबर हसत बसला.

त्याला द्यायला हवे होते, एवढंच. वहीत एक ओळ लिहून द्यायचे. एकाला दिले तर बाकीचे मागतील, अशी भीती वाटली. मागितले असते तर मागितले असते. पैसे त्यांचेच होते.

दुसरा निर्णय: रोनाल्डो

१३ ऑगस्टला फातोर्ड्यावर एफसी गोवाने ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवलं आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेच्या गटफेरीत जागा मिळवली. १५ ऑगस्टला सोडत निघाली. गोव्याच्या गटात अल नस्र. म्हणजे क्रिस्तियानो रोनाल्डोचा संघ. म्हणजे रोनाल्डो मडगावात, आमच्यापासून तीन-साडेतीन तासांवर.

त्या दुपारी झेंडावंदन करून आलेली माणसं घरी जेवायलाही गेली नाहीत. व्हॉट्सअॅपवर दोनशेवर मेसेज. सामना २२ ऑक्टोबरला, बुधवारी. कोणी तरी पंचांग उघडलं: दिवाळी पाडवा. क्षणभर शांतता, मग एकाने लिहिलं, ‘बायकोला आत्ताच सांगून ठेवतो’.

वर्गणीतून तिकिटं काढायची का, यावर ग्रुपवर मत घेतलं. १४ हो, ५ नको, ३ गप्प. गप्प राहिलेल्यांत फौंड्रीतला पोरगा होता. आम्ही गप्प म्हणजे हो असं धरलं आणि १७ विरुद्ध ५ लिहून मोकळे झालो.

‘नको’ म्हणणाऱ्या पाचांचे मुद्दे आजही वहीच्या मागच्या पानावर आहेत. एक, तिकीट नेहमीच्या सामन्यापेक्षा कितीतरी महाग आहे. दोन, रोनाल्डो येईलच असं कोणी लिहून दिलेलं नाही. तीन, हे सरांचं: “आपण क्लबाला बघायला जात होतो. आता पाहुण्याला बघायला चाललोय.” त्यावर सरांना ‘जुन्या काळातले’ म्हटलं गेलं. त्यांनी पुढे काही लिहिलं नाही.

शेवटी १५ जणांची तिकिटं काढली. तिकिटं, डिझेलचा वरचा खर्च, वाटेतलं खाणं मिळून ३८,५०० गेले. गाडी आगाऊच्या १०,००० मध्ये बसली. न जाणाऱ्या सातांना प्रत्येकी ३,०००, म्हणजे २१,००० परत द्यायचे होते आणि डब्यात उरले १७,५००. साडेतीन हजारांचं भोक. जाणाऱ्या पंधरा जणांनी माणशी २३३ रुपये काढले असते तर विषय संपला असता. कोणी काढले नाहीत, मी मागितलेही नाहीत. एवढ्याशा रकमेसाठी कशाला, असं वाटलं. एवढ्याशा रकमेमुळेच न जाणाऱ्या सातांपैकी एकालाही पैसे मिळाले नाहीत, कारण कोणाला पूर्ण द्यायचे आणि कोणाला थांबवायचं हे मला ठरवता येईना.

पाडवा

सामन्याच्या दोन दिवस आधी कळलं की रोनाल्डो संघाबरोबर येत नाही.

तिघांनी लगेच माघार घेतली आणि पैसे मागितले. हा तिसरा निर्णय आम्ही पाच मिनिटांत घेतला, आणि तो बरोबर होता असं मला अजून वाटतं: तिकीट तुमच्या नावावर निघालंय, परत नाही. पण त्यात एक टोचणी होती. ज्यांना आम्ही ‘नियम’ सांगत होतो त्यांनी ऑगस्टमध्ये ‘हो’ म्हटलं होतं; ज्यांनी ‘नको’ म्हटलं होतं त्यांचे पैसे मात्र अजून आमच्याकडेच होते. तीनपैकी दोन तिकिटांवर गल्लीतली दोन पोरं आली. एक वाया गेलं.

पाडव्याला सकाळी ओवाळून घेतलं आणि अकराला निघालो. निघालो म्हणजे अडकलो. बेळगावात पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्या, पाठीवर मोरपिसं, पुढे हलगी. आमची गाडी पाऊण तास एका गल्लीच्या तोंडाशी उभी. केशरी जर्सी घातलेल्या पोरांनी उतरून म्हशींसोबत फोटो काढले. “गवा नाही तर म्हैस,” खानापूरकर म्हणाला. चोर्ला घाटात रस्ता असा की एक पोरगा दोनदा ओकला.

सामना मात्र झकास झाला. २७ मिनिटांत अल नस्र २-० ने पुढे. पैसे फुकट गेले असं वाटू लागलं. ४१व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला आणि आमच्या बाजूचा स्टँड अक्षरशः हलला. शेजारच्या काकांनी माझ्या खांद्यावर एवढ्या जोरात हात मारला की दुसऱ्या दिवशी निळं झालं होतं. २-१ ने हरलो. दुसऱ्या अर्धात बरोबरीची आशा शेवटपर्यंत होती. घाटात परत येताना कोणी रोनाल्डोचं नाव काढलं नाही. ब्रायसनचंच चाललं होतं, गोव्याचा स्वतःचा पोरगा. सरांचा मुद्दा त्यांच्या गैरहजेरीत सगळ्यांनी मान्य केला, फक्त तो सरांचा होता हे कोणी म्हटलं नाही.

निष्पत्ती

इकडे सप्टेंबरात न्यायालयाने महासंघाची घटना मान्य केली होती, पण लीगच्या हक्कांसाठी काढलेल्या निविदेला नोव्हेंबरात एकही बोली आली नाही. ८ डिसेंबर जवळ येत चालला. ग्रुपवर जुलैतलीच चिंता परत आली, आणि या वेळी तिला धार होती. क्लब बंद पडले तर? परदेशी खेळाडू थांबतील कशाला? छेत्रीचा शेवट असाच होणार काय, रिकाम्या मैदानात?

सुपर कप ही क्लबांची वेगळी स्पर्धा मात्र भरली, तीही गोव्यातच. ७ डिसेंबरच्या रविवारी फातोर्ड्यावर फायनल, एफसी गोवा विरुद्ध ईस्ट बंगाल. गोल नाही, पेनल्टीवर ६-५ ने गोवा जिंकलं. क्लबचा हा तिसरा सुपर कप आणि सलग दुसरा. ट्रॉफी उचलताना बघायला आमच्यातले फक्त सहा जण गेले होते, स्वतःच्या खर्चाने, दोन गाड्या करून. बाकीच्यांचा उत्साह आणि पैसे दोन्ही पाडव्यालाच संपले होते.

न जाणाऱ्या सातांचे पैसे नोव्हेंबरच्या शेवटी दिले, प्रत्येकी २,५००. उरलेले ५०० जानेवारीत. फौंड्रीतल्या पोराला मी २,५०० द्यायला गेलो तेव्हा त्याने मोजले नाहीत. “फी?” मी विचारलं. “भरली की सप्टेंबरात. मुकादमाकडून उचल घेतली.” मग त्याने विचारलं, ब्रायसनचा गोल कुठल्या बाजूला झाला, आमच्यासमोर की पलीकडे. मी सांगितलं. थोड्या दिवसांनी तो ग्रुपमधून बाहेर पडला. भांडण नाही, मेसेज नाही. ‘लेफ्ट’ एवढीच करड्या रंगाची ओळ. त्याच्या मागोमाग अजून चौघे.

आज परत करायचं झालं तर

अल नस्रच्या सामन्याला जाणं चूक नव्हतं. उलट या अख्ख्या वर्षात सगळ्यात चांगली संध्याकाळ तीच. चूक ११ ते १३ जुलैमध्ये झाली. ज्या कामासाठी पैसे गोळा केले ते काम थांबलं, तर पैसे ज्याचे त्याच्याकडे जायला हवेत, आणि नवीन कामासाठी नव्याने विचारायला हवं. गणेशमंडळाच्या वर्गणीत आम्ही हे बरोबर करतो. गेल्या वर्षी मंडपाचे पैसे उरले तेव्हा अर्धा तास सभा झाली होती. फुटबॉलच्या बाबतीत आपण सगळे एकाच मनाचे आहोत असं गृहीत धरलं, म्हणून सभाच घेतली नाही.

गप्प म्हणजे हो, हे सगळ्यात महागात पडलं. २३३ रुपयांपेक्षाही.

गाडीवाल्याला जूनमध्ये आगाऊ द्यायचं कारण काय होतं, तेही आता आठवत नाही. हंगाम कधी सुरू होणार हे तारखेसह कळल्याशिवाय गाडी सांगू नये, हे एखाद्या लग्नघरात पोरालाही कळतं.

जानेवारीची बैठक

६ जानेवारी २०२६ ला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केलं की लीग १४ फेब्रुवारीला सुरू होणार, १४ क्लबांसह. सामने एकूण ९१, म्हणजे प्रत्येकाशी एकदाच. ११ जानेवारीच्या रविवारी आम्ही १७ जण टपरीवर बसलो. पाऊस नव्हता, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. ते तितकंसं सोयीचं नव्हतं.

दोन गोष्टी ठरल्या. पैसे सामन्यामागे घ्यायचे, सीझनमागे नाही. आणि कोणी मागितले तर आठ दिवसांत परत, कारण न विचारता. तिसऱ्यावर वाद झाला: गप्प राहिलेल्याला फोन करून विचारायचं की त्याचं मत धरायचंच नाही. तो वाद अजून मिटलेला नाही. पंधरा जणांचे २३३ रुपये मात्र त्याच दिवशी गोळा झाले. दोघांनी सुट्टे नाहीत म्हणून २५० दिले. त्या जास्तीच्या ३४ रुपयांचा चहा प्यायलो.

मग आशा-निराशेचं नेहमीचं सुरू झालं. गेल्या हंगामात घरच्या मैदानावर १२ सामने होते, आता सहा किंवा सात. गोवा-बेंगळुरू सामना एकदाच होणार, मग तो फातोर्ड्यावर येणार की बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर? तिकडे गेला तर दोन्ही रंगांची माणसं एका गाडीत घालून नेणारी वर्षातली ती एकच सहल बुडाली. वेळापत्रक आलेलं नव्हतं. निळ्यांनी कांतीरवावर पैज लावली, केशऱ्यांनी फातोर्ड्यावर. पैज पैशांची नको, असं सरांनी बजावलं, म्हणून ती एक किलो कुंद्याची झाली.

उठताना सर म्हणाले, “त्या पोराला फोन कर. गाडीत जागा आहे म्हण. पैशाचं बोलू नको.”

मी रात्री केला. त्याने उचलला. मागे फौंड्रीचा आवाज होता, रात्रपाळी. “कुठला सामना?” त्याने विचारलं. मी म्हणालो वेळापत्रक यायचंय. “आलं की सांगा दादा,” तो म्हणाला, “सुट्टी टाकायला लागती.”